पोकळ पुरावे नकोत

वाचन : ईयोब १३:७-९, १ करिंथ १५:१४-१९, १ पेत्र ३:१५



जोयडा तालुक्यातील खेड्यापाड्यांतून आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी दांडेली, बेळगाव, गोवा येथे जातात. तेथे कोणीतरी विचारतोच, "तुमचा विश्वास खरा कशावरून?" मुले शब्बाथशाळेत ऐकलेले उत्तर देतात. ते पहिल्याच धक्क्याला कोसळले, तर मुलाला वाटते की विश्वासच कोसळला. काळी नदीवरील सुपे धरण १०१ मीटर उंच आहे. पाण्याचा दाब येणार हे धरूनच अशी भिंत बांधतात. प्रश्न येणार हे धरूनच शिक्षकाने धडा तयार करावा. म्हणून आपली नेहमीची चार उत्तरे आज आपण संशय घेणाऱ्याच्या नजरेने तपासू या.

१. "पवित्र शास्त्र खरे आहे, कारण ते स्वतःच तसे सांगते." येथे आपण २ तीमथ्य ३:१६ दाखवतो. विश्वासणाऱ्याला त्याने धीर येतो. पण ज्याचा शास्त्रावर विश्वासच नाही, त्याला त्याच शास्त्राची साक्ष कशी पुरेल? असा दावा कोणताही ग्रंथ करू शकेल.

२. "ख्रिस्तासाठी लोकांनी प्राण दिले, म्हणून ते खरे." प्राण तर इतर धर्मांसाठी आणि राजकीय मतांसाठीही लोकांनी दिले आहेत. हौतात्म्याने माणसाचा प्रामाणिकपणा दिसतो. त्याचे मत खरे होते हे सिद्ध होत नाही.

३. "विश्वास ठेवा; खरे निघाले तर स्वर्ग, खोटे निघाले तर तोटा काय?" हे तर कोणत्याही धर्माचा माणूस आपल्याला सांगू शकेल. शिवाय पौल असे म्हणत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आणि आपण सर्वांत लाचार, असे तो स्पष्ट लिहितो. त्याच्या मते तोटा मोठा आहे.

४. "डार्विनने मरताना आपले मत सोडून ख्रिस्ताला धरले." डार्विन १८८२ मध्ये वारला. ही गोष्ट १९१५ मध्ये अमेरिकेतील एका ख्रिस्ती पत्रात छापून आली. त्याची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ मध्ये तिचा जाहीर इन्कार केला. तरी व्यासपीठांवरून ती सांगितली जातेच. कॉलेजातल्या मुलाला ती खोटी असल्याचे कळले, तर त्याच तोंडून ऐकलेल्या पुनरुत्थानाच्या साक्षीवर तो का विसंबेल?

देवाच्या बाजूने तुम्ही खोटे बोलाल काय, असे ईयोब आपल्या मित्रांना विचारतो. देवाला आपल्या लबाडीच्या आधाराची गरज नाही.

मग काय करावे? काशीत वाढलेले मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे उदाहरण पाहा. कंपनी सरकारचे अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचे समर्थन केले. गोऱ्हे यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याचे खंडन केले. पुढे १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला आणि ते नहेम्या गोऱ्हे झाले. त्यानंतरही शंकांनी त्यांना पुष्कळ छळले. त्या त्यांनी दडपल्या नाहीत. पंडिता रमाबाईंसारख्या चिकित्सक स्त्रीला त्यांचे लेखन मोलाचे वाटले, यात नवल नाही. ज्याने विरोधकाची बाजू स्वतः मांडली आहे, तो तिला हलकी लेखत नाही.

पेत्र म्हणतो की उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या. सौम्यतेत ऐकून घेणे येते, आणि "हे मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू" असे म्हणणेही येते. थोमाने पुरावा मागितला, तेव्हा प्रभूने त्याला घालवून दिले नाही. आपल्या जखमा दाखवल्या. आपणही प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढू नये. त्याला जे खरे आहे तेवढेच द्यावे. ते थोडे असले तरी टिकेल.

चर्चेसाठी प्रश्न
१. वरील चारपैकी कोणते उत्तर आपल्या मंडळीत अधिक ऐकू येते?
२. ऐकलेली गोष्ट वर्गात सांगण्यापूर्वी ती कशी पडताळावी?
३. आपल्या घरातील तरुणांना शंका मोकळेपणाने बोलता येतात काय?