बिडी एकट्याची नसते

मैत्रिणींनो, आपल्याकडची किती माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली! नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत दाटीवाटीने राहिली. कापूस पेटेल म्हणून गिरणीत बिडी बंद. पाळी सुटली की नाक्यावर घोळका जमायचा. पुढे केलेली बिडी नाकारली तर माणूस परका ठरायचा. नवी पोरं तिथंच शिकली. १९८२च्या संपानंतर कितीजण सवय घेऊनच गावी परतले.

आज आपल्या पारावर तेच चालतं. म्हणून नुसतं नवऱ्याला बोलून भागत नाही. तो कधी, कुणासोबत ओढतो ते बघा. पाहुण्यापुढे बंडल ठेवू नका. पोराला बिडी आणायला धाडू नका. १८ वर्षांखालच्याला विकणं गुन्हा आहे. सोडायला मदत हवी तर मोफत फोन: १८००-११-२३५६.