माशाच्या तोंडातील बिऱ्हाडकरू

सुट्टीत बांगडे साफ करताना आईला एका माशाच्या कल्ल्यात पांढुरका किडा सापडला. "टाकून दे तो!" ती म्हणाली. मी आधी त्याचे पाय मोजले. सात जोड्या! मी कलाशाखेचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राच्या सरांना विचारले, तेव्हा कळले, की हा कीटक नव्हेच. कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी वर्गातील हा 'समपाद', म्हणजे सारख्या पायांचा, परजीवी होय. माणसाला त्याची बाधा होत नाही.

त्याचा एक भाऊबंद, सायमोथोआ एक्झिग्वा, मेक्सिकोजवळ कॅलिफोर्नियाच्या आखातात आढळतो. तो कल्ल्यांवाटे तांबोशीच्या कुळातील माशाच्या तोंडात शिरतो. आधी नर असतो, पुढे मादी बनतो. मादी जिभेला घट्ट धरून रक्त शोषते. जीभ हळूहळू झडते. पण मासा जगतो. तो त्या परजीवीलाच जिभेप्रमाणे वापरून भक्ष्य धरतो, असे ब्रुस्का व गिलिगन यांनी १९८३ साली दाखवून दिले.

आपण ऐतखाऊ माणसाला सरसकट 'बांडगूळ' म्हणतो. या प्राण्याला उपकारकर्ता म्हणता येणार नाही. जीभ त्यानेच नाहीशी केली. परंतु पोशिंदा मेला, की आपलेही बिऱ्हाड बुडते, हे त्याच्या जगण्यातच लिहिलेले आहे. सगळ्या ऐतखाऊंना ते कळते, असे मात्र नाही.