दिवसभर एकटा बोका

चि. मृण्मयीस,

घरात पाळलेला बोका दिवसातले १२ ते १६ तास झोपून काढतो. त्याला हुशारी येते ती पहाटे आणि दिवेलागणीला. त्यामुळे हिंजवडीला नोकरी करणाऱ्याने सकाळी आठला ओढलेले दार रात्री आठला उघडले, एवढ्यावरून मांजराचे हाल होतात असे नाही. मधल्या वेळात काही बिघडले तर ते कोणाच्याच नजरेस पडत नाही, भीती त्याची.

बिघडण्यात पहिली खिडकी. वाकडला सातव्या मजल्यावरून बोका पडल्याची बातमी गणपतीत नात्यात फिरली. तो कोणाचा, हे दोघांनी दोन तऱ्हेने सांगितले, आणि त्यातले एक नाव घरचे होते. मांजर पायांवरच उतरते हा दिलासा अर्धाच खरा. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली. पण जी जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? शिवाय वाचलेल्यांतही छातीला मार लागलेली पुष्कळ होती. कठड्यावर कबुतर बसले की बोक्याला मजल्याचे भान राहत नाही. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी तो दातांनी तोडू शकतो, आणि सरकत्या खिडकीची मच्छरजाळी एका धक्क्यात चौकटीतून निघते. तिथे तारेचीच जाळी हवी.

खाण्याचे थोडक्यात. दूध-पोळीवर मांजर पोसत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतून किंवा मांजरांच्या तयार खाद्यातून मिळावे लागते, नाहीतर डोळे आणि हृदय दुबळे होते. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. आजोळच्या मांजरी दूध-पोळीवर जगल्या खऱ्या, पण उरलेले पोट त्या उंदरांवर भरत. सातव्या मजल्यावर ती सोय नाही.

बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतो, कण्हतो आणि लघवीचा थेंब पडत नाही, अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. म्हणून घरी आल्यावर मोबाइल चार्जिंगला लावण्याआधी ट्रे पाहावा. एक-दोन दिवस अन्नाला तोंड न लावणे हेही मांजराच्या बाबतीत साधे नव्हे, यकृतावर येते. पॅरासिटामॉलची गोळी त्याला विषच. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून तो पंजे चाटतो, तेव्हा कामवाल्या बाईंनाही हे एकदा सांगून ठेवलेले बरे. घराची एक किल्ली शेजारी असावी. वरणफोडणीला सुद्धा शेजार उपयोगी पडतो, इथे तर जिवाचा प्रश्न आहे. आणि शेजाऱ्यांना किल्ली देताना खिडकीचे सांगायला विसरू नये.

एवढे वाचून, थकून येणाऱ्या मुलीला आपण त्या जिवावर अन्याय करतो असे वाटू लागेल. तसे नाही. रात्री जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटे दोरीमागे धावायला मिळाले की बोक्याचा दिवस भरून निघतो. मागच्या पिढीने नोकरीपायी मांजराची हौस निवृत्तीवर ढकलली. निवृत्तीनंतर ती राहूनच गेली. दिवस मोकळा मिळेल तेव्हा पाळू, असे न म्हणता त्याला घरी आणले, हे चांगलेच झाले. मात्र त्याला वेळेवर वाढणाऱ्या माणसानेही रात्री बिस्किटांवर झोपू नये.

फटाक्यांना बोका फार घाबरतो. दिवाळीत त्याला फ्लॅटवर एकटे न ठेवता बरोबर घेऊन यावे. प्रवासाची टोपली आठ दिवस आधीपासून घरात उघडी ठेवावी, म्हणजे तो आपणहून आत बसेल. इकडे माजघराच्या दोन्ही खिडक्यांना तारेची जाळी मारायला सुतार सोमवारी येतो आहे.

मावशी