'कॅप्टिव्हेटिंग' : एका विशेषणाची ओळख



मन जिंकून घेणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत अनेक विशेषणे आहेत. त्यांपैकी 'कॅप्टिव्हेटिंग' हे पुस्तकांच्या मलपृष्ठावर व नाटक-सिनेमाच्या परीक्षणांत वरचेवर भेटते. शब्दकोशात 'मोहक', 'चित्तवेधक' असा अर्थ मिळतो व तो पाठही होतो. परंतु वाक्यात वापरण्याची वेळ आली की गाडी अडते. म्हणून या शब्दाचे मूळ व त्याचा वापर पाहू.

लॅटिनमध्ये 'कॅपेरे' म्हणजे पकडणे, तर 'कॅप्टिवुस' म्हणजे कैदी. कॅप्टिव्ह (कैदी), कॅप्टिव्हिटी (बंदिवास) व कॅप्चर (पकडणे) हे शब्द याच कुळातले. 'कॅप्टन' आणि आम्हा बँकवाल्यांचे 'कॅपिटल' मात्र या घरातले नव्हेत. ते 'कापुत' म्हणजे डोके या शब्दावरून आले. 'कॅप्टिव्हेट' हे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकात आले, तेव्हा त्याचा कैद करणे हा सरळ अर्थही होता. पुढे तो मागे पडला आणि मनाला कैद करणे एवढाच अर्थ उरला.

आपल्या भाषेतही असेच घडले आहे. 'मनोहर' म्हणजे मन हरण करणारा, 'चित्तवेधक' म्हणजे चित्ताचा वेध घेणारा, 'आकर्षक' म्हणजे ओढून घेणारा. इंग्रजी 'अट्रॅक्टिव्ह'च्या मुळाशीही ओढणे हीच क्रिया आहे. मात्र अट्रॅक्टिव्ह वस्तू आपल्याला जवळ ओढते, तर कॅप्टिव्हेटिंग गोष्ट जवळ आलेल्याला हलू देत नाही. म्हणून हे विशेषण आवाज, भाषण, कथा, अभिनय, हास्य, व्यक्तिमत्त्व यांना शोभते. खुर्चीला किंवा अर्जाच्या नमुन्याला ते लावू नये.

आता नेहमी होणारी चूक पाहू. जो भुरळ घालतो तो 'कॅप्टिव्हेटिंग' आणि ज्याला भुरळ पडते तो 'कॅप्टिव्हेटेड'. भाषण आवडले हे सांगताना 'आय वॉज कॅप्टिव्हेटिंग' म्हटले, तर अर्थ होतो 'मीच मोहक होतो'! मुलाखतीत अशी चूक झाली की उमेदवाराची हुशारी बाजूला राहते व हसे होते. योग्य वाक्य असे : 'आय वॉज कॅप्टिव्हेटेड बाय द स्पीच.' 'इंटरेस्टिंग' व 'इंटरेस्टेड', 'बोअरिंग' व 'बोअर्ड' या जोड्यांनाही हाच नियम लागू आहे. एक नियम नीट कळला तर पुष्कळ शब्द आपोआप सुधारतात.

आणखी एक जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'कॅप्टिव्ह ऑडियन्स' म्हणजे उठून जाण्याची सोय नसल्याने ऐकत बसलेले श्रोते. 'कॅप्टिव्हेटेड ऑडियन्स' म्हणजे दार उघडे असूनही न उठणारे श्रोते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे लिंकन स्मारकासमोर सुमारे २,५०,००० लोक जमले होते. तेथे मार्टिन ल्यूथर किंग यांनी समान हक्कांसाठी केलेले भाषण आजही जगभर ऐकले जाते. लोक आपल्या पायांनी आले होते, कोणी त्यांना कोंडले नव्हते. अशा भाषणाला 'अ कॅप्टिव्हेटिंग स्पीच' म्हणणे सार्थ ठरते. सक्तीने बसवलेल्यांसमोर कोणीही बोलू शकतो. मोकळ्या माणसाला खिळवून ठेवणे हेच या शब्दाचे खरे मोल आहे.

स्वतःविषयी मात्र हे विशेषण वापरू नये. नोकरीच्या अर्जात 'माझे व्यक्तिमत्त्व कॅप्टिव्हेटिंग आहे' असे लिहिल्यास बढाई वाटते. ते इतरांनी आपल्याविषयी म्हणावे, आपण इतरांविषयी म्हणावे.

सरावासाठी रिकाम्या जागा भरा : (१) द स्टोरी वॉज ——. (२) द चिल्ड्रन वेअर —— बाय द स्टोरी.

उत्तरे : (१) कॅप्टिव्हेटिंग (२) कॅप्टिव्हेटेड. अशीच पाच वाक्ये स्वतः तयार करून वहीत लिहावीत व मोठ्याने वाचावीत. वापरलेला शब्दच आपला होतो.