जुन्या लॅपटॉपची स्मृतिमर्यादा

शाळेस देणगीदाखल मिळालेला जुना लॅपटॉप संथ झाला, की ‘रॅम वाढवा’ असा सल्ला हटकून मिळतो. सल्ला बहुधा योग्यच असतो. परंतु त्या यंत्रास किती रॅम चालेल, याची चौकशी खरेदीपूर्वी व्हावयास हवी. एका द्विशिक्षकी शाळेने पालकांच्या वर्गणीतून ४ जीबीच्या दोन पट्ट्या आणून बसविल्या. यंत्राने एकूण ८ जीबी दाखविली. वापरण्याजोगी मात्र सुमारे ३ जीबीच! दुकानदाराने फसविले, असा गावात बोभाटा झाला. वस्तुतः पट्ट्या निर्दोष होत्या. यंत्रावर ३२ बिटांची विंडोज ७ होती, आणि ती प्रणाली ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही.

याचे कारण शिक्षकांस गणितानेच पटेल. स्मृतीच्या प्रत्येक घरास एक पत्ता लागतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे नेमके ४ जीबी. त्यांतीलही काही पत्ते यंत्राच्या इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. सदर शाळेतील प्रोसेसर सुदैवाने ६४ बिटांचा होता. ६४ बिटांची लिनक्स प्रणाली घालताच पूर्ण ८ जीबी उपयोगात आली. विंडोज ७ ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबल्याने ती बदलणे तसेही इष्टच होते.

प्रणाली बदलता येते, चिपसेट नव्हे. २००६ च्या सुमारास निघालेल्या, इंटेलच्या ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपांत ४ जीबी बसविली, तरी ६४ बिटांच्या प्रणालीसही सुमारे ३ जीबीच लाभते. म्हणून यंत्र पालथे करून तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा व उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत त्याची मर्यादा पाहावी. हा आकडा कधी कधी हात राखून दिलेला असतो. ॲपलच्या २०१२ मधील १३ इंची मॅकबुक प्रोस ८ जीबीची मर्यादा सांगितली होती, पण त्यात १६ जीबी चालते. तथापि वर्गणीच्या पैशांवर असा प्रयोग करू नये.

विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. तेथे ‘मेमरी’खाली किती स्लॉटांपैकी किती भरले आहेत, हे दिसते. पट्टीची जातही जुळावी लागते: लॅपटॉपच्या डीडीआर-२ पट्टीस २०० टोके, डीडीआर-३ ला २०४, डीडीआर-४ ला २६०, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाख देऊन जोडलेली असते. तेथे प्रश्नच मिटतो.

दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी, आणि नवी न चालल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.