दगडांच्या तालावरचे गाणे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांजवळ ज्यांचे बालपण गेले, त्यांस ताल निराळा शिकवावा लागत नाही. धोट्याच्या खटखटाटाबरोबर पाय आपोआप हलू लागतो. माणूस ताल धरतो की ताल माणसास धरतो? टेरी प्रॅचेट ह्या इंग्रज विनोदी लेखकाच्या 'सोल म्युझिक' (१९९४) ह्या अद्भुतरम्य कादंबरीचा हाच विषय आहे.

इंप नावाचा तरुण वादक घर सोडून मोठ्या शहरी येतो. तेथे वादकांच्या संघाची जबर फी भरल्यावाचून वाजविण्याची मुभा नाही. एक बुटका व एक पाषाणदेही राक्षस ह्यांच्यासह तो मेळा काढतो. राक्षस दगड बडवून ताल देतो. इंग्रजीत 'रॉक' म्हणजे दगड, हा त्यातील श्लेष! एका विचित्र दुकानात मिळालेली गिटार वाजू लागताच शहर वेडावते. विद्यापीठातील वृद्ध पंडितही चामड्याचे अंगरखे घालून मिरवतात, आणि सॉसेज विकणारा फेरीवाला मेळ्याचा व्यवस्थापक होऊन त्याच्या नावाचे सदरे खपवितो. हा भाग वाचताना आम्हांस हसू आवरले नाही.

परंतु गिटार इंपच्या हाती नसून इंपच गिटारीच्या हाती असतो. त्याचे नाव अजरामर व्हावे म्हणून त्याने ऐन तारुण्यात मरावे, अशी त्या संगीताचीच इच्छा! 'इंप इ केलिन' ह्या नावाचा वेल्श भाषेतील अर्थ 'हॉलीची कळी'. बडी हॉली हा अमेरिकन गायक १९५९ साली विमान-अपघातात अवघ्या २२ व्या वर्षी निवर्तला, हे ध्यानी घेतले म्हणजे विनोदाखालची कळ जाणवते.

पालकांसही एक विनंती. मुलांच्या आवडीची गाणी कानी पडताच कपाळास आठी घालू नये. आपल्या सोलापूरच्याच रामजोशांस तमाशाचा नाद लागला, तो घरच्यांस रुचला नाही, अशी परंपरागत कथा आहे. पण आज त्यांच्या लावण्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने उल्लेखिल्या जातात. प्रॅचेटही गाण्याची थट्टा करीत नाही. त्याचा रोख त्या फेरीवाल्यावर व त्या संघावर आहे. गाण्यावर त्याचे प्रेमच दिसते.

इंपचे प्राण न्यावयास आलेली मृत्यूची नात सुझन त्यास वाचवू पाहते. तिला यश येते की नाही, ते आम्ही सांगत नाही. भाषा श्लेषांनी भरलेली आहे. वरच्या वर्गांतील मुलांनी शब्दकोश जवळ घेऊन बसावे.