बदल तेवढाच टिपणारा यांत्रिक डोळा
(विज्ञान-पाठ)

शेतावर राखणीस बसलेला मनुष्य रात्रभर जागा असतो. परंतु 'काही नाही, काही नाही' असे तो क्षणोक्षणी ओरडत नाही. कुंपणापाशी काही हलले, तरच तो हाळी देतो. नेहमीच्या चलच्चित्र कॅमेऱ्याची रीत याच्या उलट आहे. समोर काही घडो वा न घडो, तो दर सेकंदास साधारणतः ३० संपूर्ण चित्रे घेतो आणि ती तपासणाऱ्या संगणकास तेच निश्चल कुंपण पुनःपुन्हा पाहावे लागते. जेथे वीज बेताची आहे किंवा बॅटरीवरच काम भागवावयाचे आहे, तेथे हा अपव्यय परवडत नाही. तो टाळण्यासाठी गेल्या चार दशकांत जी विद्या विकसित झाली, तिची मूलतत्त्वे या पाठात पाहू.

घटना-संवेदक

आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलापासून स्फूर्ती घेऊन कार्व्हर मीड व त्यांची विद्यार्थिनी मिशा माहोवाल्ड यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेत सिलिकॉनचे दृष्टिपटल तयार केले. पुढे स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे लिख्तस्टायनर, पॉश व डेलब्रुक यांनी १२८ ओळी व १२८ स्तंभांचा संवेदक सिद्ध करून २००८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यातील प्रत्येक चित्रबिंदू स्वतंत्र असतो. त्याच्यावर पडणारा प्रकाश ठरावीक प्रमाणात वाढला वा घटला, तरच तो वर्दी देतो. या वर्दीस 'घटना' म्हणतात. तीत चार गोष्टी असतात : ओळ, स्तंभ, वेळ आणि प्रकाश वाढला की घटला.

एक हिशेब करून पाहू. १२८ × १२८ म्हणजे १६,३८४ बिंदू. नेहमीच्या पद्धतीने सेकंदास ३० चित्रे घेतल्यास ४,९१,५२० नोंदी होतात. समजा, एखादे जनावर समोरून गेले आणि त्या सेकंदात २०,००० घटना घडल्या, तर नोंदींची संख्या सुमारे पंचविसाव्या हिश्शावर येते. प्रत्येक घटनेबरोबर तिचा पत्ताही पाठवावा लागत असल्याने प्रत्यक्ष बचत यापेक्षा कमी धरावी. मात्र जनावर निघून गेल्यावर नोंदी जवळजवळ थांबतात.

गळक्या घागरीचे गणित

अशा तुटक वर्द्यांवर विचार करणारे यंत्रही त्याच स्वभावाचे हवे. आपल्या मेंदूतील चेतापेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्-स्पंदांनी बोलतात. या पेशीची सोपी गणिती प्रतिकृती फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुई लापिक यांच्या १९०७ सालच्या कार्यापर्यंत मागे जाते. ती समजण्यासाठी तळाशी छिद्र असलेली घागर डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येक येणारा स्पंद तीत थोडे पाणी घालतो, छिद्रातून पाणी गळत राहते आणि ठरावीक खुणेपर्यंत पाणी चढले की घागर कलंडून रिकामी होते. हे कलंडणे म्हणजेच त्या पेशीने पुढे पाठविलेला स्पंद.

समजा, खूण १० मापांवर आहे, प्रत्येक स्पंद ४ मापे घालतो आणि दर मिलिसेकंदास निम्मे पाणी गळते. तीन स्पंद एकाच क्षणी आले, तर १२ मापे होऊन घागर कलंडेल. तेच तीन स्पंद एकेका मिलिसेकंदाच्या अंतराने आले, तर पाणी अनुक्रमे ४, ६ व ७ मापांपर्यंतच चढेल. पाणी दोन्ही वेळा तेवढेच घातले. फरक केवळ वेळेचा. अशा पेशींच्या जाळ्यास स्पंदशील चेताजाल म्हणतात. त्यास वेळेचे भान असते, ते असे.

बचत कोठे होते ?

सर्वसाधारण चेताजालात प्रत्येक संख्येस भारांकाने गुणावे लागते. येथे स्पंद आला तर भारांक मिळवावयाचा, न आला तर काहीच करावयाचे नाही. आय.बी.एम. कंपनीने २०१४ साली जाहीर केलेल्या 'ट्रूनॉर्थ' चिपवर अशा १० लाख कृत्रिम पेशी होत्या. २०१७ साली ही चिप घटना-संवेदकास जोडून हाताच्या ११ प्रकारच्या खुणा ओळखून दाखविण्यात आल्या. त्या चाचणीत अचूकता ९६.५ टक्के होती आणि विजेचा वापर ०.२ वॅटपेक्षा कमी होता. घरातील १० वॅटच्या दिव्याच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही तो कमी.

मर्यादा

तथापि ही बचत आपोआप पदरी पडत नाही. संवेदक हलत्या वाहनावर बसविल्यास, अथवा समोरचा दिवा लुकलुकत असल्यास, असंख्य बिंदू एकदम वर्दी देऊ लागतात. स्पंदशील जाल सामान्य संगणकावर चालविल्यास, स्पंद नसतानाही प्रत्येक पेशीचा हिशेब क्षणोक्षणी करावा लागू शकतो. शिकवणीतही अडचण आहे. स्पंद हा एकदम घडणारा बदल असल्याने चूक सुधारण्यास लागणारा चढ-उतार त्यात सापडत नाही. म्हणून शिकवितानापुरती त्याच्या जागी एक गुळगुळीत वक्ररेषा मानतात. आणि राखणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पिकात शिरून निश्चल उभे राहिलेले जनावर स्थिर संवेदकास दिसत नाही.

तात्पर्य, संवेदक, जाल व चिप या तिघांनीही 'बदल नाही, तर काम नाही' हा नियम पाळला, तरच काटकसर साधते. एकाने तो मोडला, तर इतर दोघांची बचत बव्हंशी वाया जाते. म्हणून असे यंत्र कमी विजेवर चालते असे कोणी सांगितल्यास, त्यात या तिन्ही गोष्टी आहेत काय, हे प्रथम विचारावे.

स्वाध्याय

१. वरील घागरीत चौथा स्पंदही एका मिलिसेकंदाने आला, तर पाणी कोठवर चढेल ? असेच स्पंद येत राहिल्यास घागर कधी कलंडेल काय ?
२. निश्चल उभे राहिलेले जनावर ओळखण्यासाठी या संवेदकाच्या जोडीस आणखी कोणते साधन द्यावे ? विचार करून लिहा.